आधाराचं वाक्य : प्रस्तावना

आपल्यापैकी बहुतेकांचा एक जप आयुष्यभर चालू असतो आणि तो आपण कधी मागून घेतलेला नसतो. 'मला नाही जमायचं.' 'आपली पायरी ओळखून राहावं.' 'आता या वयात कुठं?' कुणाला तो वर्गातल्या शेवटच्या बाकावर मिळालेला असतो, कुणाला जेवणाच्या ताटावर, कुणाला सासरच्या पहिल्या महिन्यात. देणारा विसरून जातो, वाक्य मात्र घेणाऱ्याजवळ राहतं. त्याचे शब्द कधी बदलत नाहीत आणि त्याची वेळही ठरलेली असते: परीक्षेच्या आदल्या रात्री, मुलाखतीच्या खोलीबाहेर, कर्जाचा हप्ता चुकलेल्या महिन्यात. ते आठवावं लागत नाही, आपसूक येतं. मोजकी अक्षरं, अखंड आवृत्ती, ठरलेली वेळ आणि प्रयत्नाशिवाय चालत राहणं ही मंत्राची सगळी लक्षणं त्यात आहेत.

म्हणूनच अशा माणसाला चार युक्तिवाद ऐकवून फारसा उपयोग होत नाही. 'अरे, तुला दहावीला किती चांगले गुण होते' असं म्हटलं की तो मान डोलावतो आणि रात्री पुन्हा त्याच वाक्यापाशी जातो. हजारो वेळा म्हटलेल्या वाक्यासमोर एकदा ऐकलेला पुरावा टिकत नाही. तिथे टिकायचं तर दुसरं वाक्यच लागतं, तितकंच लहान आणि तितक्याच वेळा म्हटलेलं. हे पुस्तक अशा दुसऱ्या वाक्याविषयी आहे. ते कसं निवडायचं, कसं म्हणायचं, कोणतं वाक्य चालतं आणि कोणतं उलट दुखावतं, एवढाच त्याचा विषय.

सांगली आणि बुधगाव यांच्या मधल्या आमच्या माधवनगरात बसून हे लिहिताना उदाहरणांसाठी फार लांब जावं लागलं नाही. मन आणि नाम यांचा विचार ज्यांनी आयुष्यभर केला अशी माणसं सातारा-सांगलीच्या या पट्ट्यात एकामागून एक होऊन गेली. त्यांतल्या एकाची हकिगत मला या विषयाचा खरा आरंभ वाटते. उमदी हे जत तालुक्यातलं, कर्नाटकाच्या सीमेलगतचं गाव. तिथले व्यंकटेश खंडेराव देशपांडे, म्हणजे भाऊसाहेब महाराज उमदीकर (1843-1914), निंबाळ-इंचगिरीच्या बाजूला आणि पटवर्धनांच्या संस्थानांत फिरून लोकांना नाम देत. रोज काही तास बसून, नेमाने नाम घ्यायचं, ही त्यांची शिकवण. 1901 साली जमखंडीतल्या पंधरा वर्षांच्या एका शाळकरी मुलाने त्यांच्याकडून नाम घेतलं. त्या वेळी त्या मुलाची ओढ होती परीक्षेतल्या यशाची, असं त्याच्या चरित्रांत सांगितलं जातं. तो मुलगा म्हणजे रामचंद्र दत्तात्रय रानडे, पुढचे गुरुदेव रानडे.

ही हकिगत मला मोलाची वाटते ती चमत्कारासाठी नव्हे. पंधराव्या वर्षी परीक्षेच्या काळजीने नाम घेणारा मुलगा आजही घराघरांत आहे. मोक्षाची भाषा त्याला परकी असते, त्याला पुढचा पेपर दिसत असतो. रानड्यांनी सुरुवात तिथूनच केली, आणि एवढ्या साध्या गरजेपोटी घेतलेली गोष्ट पुढे त्यांना कुठवर घेऊन गेली हे आपल्याला ठाऊक आहे. तारुण्यातच गंभीर, लांबलेलं आजारपण त्यांच्या वाट्याला आलं. त्यातून उठून ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले. पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये त्यांनी शिकवलं, आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीने 1919 साली सुरू केलेल्या सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयातही. आज विश्रामबागेतल्या या महाविद्यालयात जाणाऱ्या किती विद्यार्थ्यांना हे माहीत असेल, कोण जाणे. माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. पुढे ते अलाहाबाद विद्यापीठात गेले, उपनिषदांच्या तत्त्वज्ञानावरचा त्यांचा ग्रंथ 1926 साली आला, आणि 1957 साली निंबाळला त्यांचं निधन झालं. सबंध आयुष्यात त्यांनी बुद्धीला सुट्टी दिली नाही आणि नामही सोडलं नाही. मंत्राची वाट भाबड्यांची आणि विचाराची वाट हुशारांची अशी वाटणी आपण सहज करून टाकतो. रानड्यांच्या आयुष्यात ती कुठेच सापडत नाही.

महाराष्ट्रातल्या संतांवरचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ 1933 साली प्रसिद्ध झाला. त्यात तुकोबांवर लिहिताना त्यांनी तुकोबांच्या निराशेला मोठी जागा दिली. पाश्चात्त्य साधकांच्या लेखनात आत्म्याच्या काळोख्या रात्रीची कल्पना आहे. तीच अवस्था रानड्यांनी तुकोबांच्या अभंगांत दाखवली. स्वतःविषयी इतकं कठोर बोलणारा कवी आपल्या भाषेत दुसरा नसेल. दुष्काळ, धंद्याचं दिवाळं, घरातले मृत्यू, लोकांची हेटाळणी, आणि त्याच्यावर स्वतःच्याच योग्यतेविषयीची शंका. आपण जे बोलतो ते बोलण्याचा आपल्याला अधिकार आहे का, हा प्रश्न त्यांना छळत होता. बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात 'रामकृष्णहरी' हा मंत्र दिला, असं तुकोबांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. मंत्र मिळाला आणि शंका त्याच दिवशी संपली असं मात्र त्यांच्या अभंगांतून अजिबात दिसत नाही. शंका येत राहिली, नाम चालत राहिलं. आत्मविश्वासावरच्या पुस्तकांत हे क्वचित सांगितलं जातं: मनात शंका असतानाच वाक्य म्हणायचं असतं. शंका जाण्याची वाट पाहत बसलात तर वाक्य म्हणण्याचा दिवस उजाडतच नाही.

आता समर्थांकडे येऊ, कारण या पुस्तकातली सगळ्यात उपयोगी युक्ती त्यांच्याकडून आलेली आहे. चाफळ आणि सज्जनगड साताऱ्यात. अकरा मारुतींपैकी बहे-बोरगावचा आणि शिराळ्याचा सांगली जिल्ह्यात. 'मनाचे श्लोक' इथल्या घराघरांत लहानपणी पाठ होतात, एकूण दोनशे पाच, सगळे भुजंगप्रयात वृत्तात. पाठ करताना आपण एका गोष्टीकडे लक्ष देत नाही. समर्थ त्या श्लोकांत मनाला हाक मारतात. 'मी असा आहे', 'मी तसा होईन' हा त्यांचा सूर नाही. समोर कुणी जवळचं, थोडं हट्टी, पण आपलंच माणूस बसलं आहे आणि त्याला समजावायचं आहे, अशा आवाजात ते मनाशी बोलतात. मन म्हणजे मी नव्हे, मन हे माझ्याजवळचं कुणीतरी आहे आणि त्याच्याशी बोलता येतं. एवढं एक अंतर पडलं की 'मी नालायक आहे' याचं 'मन आज पुन्हा तेच म्हणतंय' असं रूप होतं. पहिल्या वाक्यात माणूस बुडतो, दुसऱ्यात त्याला काठ दिसतो.

मिशिगन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेले प्रयोग याच अंतराविषयी आहेत. लोकांसमोर अचानक भाषण करायला सांगितलेल्या माणसांना त्याआधी स्वतःशी बोलायला लावलं. काहींनी 'मी' म्हणत बोलायचं, काहींनी स्वतःचं नाव घेऊन किंवा 'तू' म्हणत. दुसऱ्या गटातली माणसं भाषण अधिक चांगलं करून गेली आणि नंतर स्वतःला कुरतडत बसली नाहीत. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या श्लोकांना प्रयोगशाळेच्या शिक्क्याची गरज आहे असं मी मानत नाही. पण आज जे तरुण 'हे सगळं जुनं' म्हणून बाजूला ठेवतात त्यांच्यासाठी हा दुवा सांगून ठेवावासा वाटतो. तुमचं वाक्य 'तू' ने सुरू करा, त्यात स्वतःचं नाव घाला. घरात ज्या नावाने हाक मारतात ते घातलंत तर आणखी बरं.

वाक्यात काय म्हणायचं हा पुढचा प्रश्न, आणि इथेच सगळ्यात जास्त माणसं वाट चुकतात. एमिल कुए (1857-1926) हा फ्रान्समधला औषधविक्रेता. औषधाबरोबर दिलेला दिलासा रुग्णावर परिणाम करतो हे त्याच्या ध्यानात आलं आणि पुढे नान्सी शहरात त्याने आत्मसूचनेची पद्धत उभी केली. आपण दिवसेंदिवस सर्व बाजूंनी सुधारत आहोत, अशा अर्थाचं एक वाक्य रोज सकाळी आणि रात्री वीस वेळा पुटपुटायचं. मोजायला वीस गाठी मारलेली दोरी. जपमाळ आपल्याला नवी नाही, त्यामुळे ती दोरी वाचून मला फार जवळचं वाटलं होतं. कुएने अनेकांना आधार दिला यात शंका नाही. पण त्याच्या मागून आलेल्यांनी त्या वाक्याचं रूपांतर स्वतःच्या स्तुतीत केलं. मी यशस्वी आहे, मी सुंदर आहे, मी अजिंक्य आहे, असं आरशासमोर म्हणा, हा सल्ला आज भिंतीभिंतीवर आहे.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वुड यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या सल्ल्याविषयी गंभीर इशारा देतो. 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' अशा अर्थाचं वाक्य काही लोकांना चार मिनिटांच्या अवधीत पुन्हा पुन्हा मनात म्हणायला लावलं. ज्यांचा स्वतःवर आधीच विश्वास होता त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांचा नव्हता, म्हणजे ज्यांना वाक्याची खरी गरज होती, त्यांना आधीपेक्षा वाईट वाटलं. कारण उघड आहे. मन खोटं ऐकून घेत नाही. 'मी अजिंक्य आहे' म्हटलं की आतून लगेच उत्तर येतं, 'मग परवा काय झालं होतं?' आणि आपण मोठ्या मेहनतीने आपल्याविरुद्धच्या साक्षीदारांना पुन्हा बोलावून बसतो. स्तुतीचं वाक्य दुबळ्या मनाला परीक्षेला बसवतं. आधाराचं वाक्य असं हवं की ते म्हणण्यासाठी काही सिद्ध करावं लागू नये.

आपल्या परंपरेतलं नाम नेमकं या जागी शहाणं ठरतं. गोंदवल्याचे ब्रह्मचैतन्य महाराज (1845-1913) माणच्या दुष्काळी मुलखातले. तेरा अक्षरी राममंत्र त्यांनी हजारो प्रापंचिकांना दिला. त्या तेरा अक्षरांत म्हणणाऱ्याविषयी एक शब्दही नाही. तो चांगला आहे की वाईट, पास झाला की नापास, याचा निवाडा नाही. म्हणून ज्याला स्वतःविषयी एकही चांगलं वाक्य बोलवत नाही तोही तो म्हणू शकतो. येणाऱ्या शंकांशी भांडत बसू नये, त्या येत असतानाच नाम घेत राहावं, हा त्यांच्या प्रवचनांतून पुन्हा पुन्हा येणारा आग्रह आहे. गांधीजींनीही आत्मकथेत सांगितलं आहे की लहानपणी त्यांना भुताखेतांची भीती वाटे आणि घरातल्या रंभा दाईने त्यावर रामनाम सांगितलं. तिने भुतं नसतात असं पटवण्याचा खटाटोप केला नाही. भ्यालेल्या मुलाच्या तोंडी तिने काहीतरी दिलं. त्या अशिक्षित बाईचं मानसशास्त्र मला फार मोठं वाटतं.

श्रद्धा असेल त्याने नाम घ्यावं, त्याला या पुस्तकाची निम्मी पानं लागणारही नाहीत. श्रद्धा नसेल त्यानेही मागे राहू नये, कारण आवृत्तीचं काही काम शरीराच्या पातळीवरच होतं. इटलीतल्या पाविया इथे लुचियानो बर्नार्डी यांनी तेवीस निरोगी माणसांवर केलेला अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. माळेवरची लॅटिन प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहावर येतो असं त्यात आढळलं. दोन वेगळे धर्म, दोन वेगळ्या भाषा, पण म्हणायला लागणारा वेळ श्वासाला एकाच संथ लयीत आणतो. घाबरलेल्या माणसाचा श्वास उथळ आणि भरभर चालतो. त्याला 'शांत हो' सांगून तो शांत होत नाही, पण एका दमात म्हणायचं वाक्य दिलं तर श्वास आपोआप लांबतो. म्हणून तुमचं वाक्य एका उच्छ्वासात मावेल एवढंच ठेवा.

आवृत्तीला दुसरी बाजूही आहे आणि ती कमी लोकांना ठाऊक आहे. एकच शब्द भराभर म्हणत राहिलं की थोड्या वेळाने त्याचा अर्थ गळून पडतो आणि नुसता ध्वनी उरतो. हे मानसशास्त्राने शंभर वर्षांपूर्वीच नोंदवलं होतं. अलीकडच्या उपचारांत याचा उपयोग बोचऱ्या शब्दांवरच करतात. 'नालायक' हा शब्द अर्धा मिनिट मोठ्याने, वेगाने म्हणून पाहा. शेवटी शेवटी 'लायकना' ऐकू येऊ लागतं, आणि ज्या शब्दाने वर्षानुवर्षं रडवलं तो चार अक्षरांचा आवाज होऊन समोर पडतो. पहिल्यांदा करताना काहींना हसू येतं, काहींना रडू. दोन्ही ठीक आहे.

या भागात राहून लोकांकडून मी जी वाक्यं ऐकली त्यांनी मला ग्रंथांइतकंच शिकवलं. माधवनगरने कापड गिरणीचा भोंगा ऐकला आहे आणि तो थांबलेलाही पाहिला आहे. हातात कसब असलेला माणूस काम गेल्यावर स्वतःला निरुपयोगी समजू लागतो, हे इथल्या एका पिढीने अंगावर घेतलं. यंत्रमागावर कांड्या भरणारी एक बाई डोक्यात नको ते विचार सुरू झाले की स्वतःला म्हणते, 'हात चालू ठिव.' तिला ते कुणी शिकवलं नाही. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा पुस्तक उघडताना म्हणतो, 'आजचं पान आज.' नवरा गेल्यावर द्राक्षबागेचा सगळा व्यवहार अंगावर पडलेल्या एका शेतकरीणबाईचं वाक्य आहे, 'इचारून कर, पण कर.' बाजारसमितीत, बँकेत, औषधांच्या दुकानात, जिथे जिथे पुरुषांच्या घोळक्यात एकटीने उभं राहावं लागतं तिथे पायरी चढताना ती ते मनात म्हणते.

ही वाक्यं नीट पाहा. एकातही स्वतःची स्तुती नाही. एकातही भविष्याची हमी नाही. प्रत्येकात मनाला केलेली हाक आहे, आणि पुढच्या काही क्षणांत करता येईल असं काम आहे. शब्द रोजच्या बोलीतले आहेत. पुस्तकी मराठीत 'मी सातत्याने कार्यरत राहीन' असं म्हणणारी कांडीवाली कल्पून पाहा, ते वाक्य दुसऱ्या दिवशीच सुटेल. ज्या बोलीत आपल्याला पहिल्यांदा हिणवलं गेलं त्याच बोलीतलं वाक्य आत खोलवर पोचतं, असा माझा अनुभव आहे.

वाक्याची मर्यादाही इथेच स्पष्ट सांगायला हवी. गोंदवलेकर महाराजांनी दुष्काळात भुकेल्या लोकांना नुसतं नाम घ्यायला सांगितलं नाही. शेतांत कामं काढून त्यांनी त्यांना कामाला लावलं आणि जेवू घातलं. पोट रिकामं असणाऱ्याला भाकरी हवी, थकलेला पगार हवा, नवऱ्याच्या मारापासून सुटका हवी. तिथे 'सकारात्मक राहा' म्हणणं क्रूरपणाचं आहे. ज्याला मंत्र द्यायचा त्याच्या आयुष्यात आधी डोकावून पाहावं. तसंच, आठवड्यामागून आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच रस उरला नाही, मरणाचे विचार येतात, अशी अवस्था असेल तर तो आजार आहे आणि त्यावर डॉक्टरांकडे उपचार आहेत. टेलि-मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र, पैसे न देता, मराठीत बोलता येतं. गोळ्या चालू असताना वाक्य म्हणायला काहीच हरकत नाही, पण वाक्य मिळालं म्हणून गोळ्या सोडू नयेत.

वाक्याबरोबर विचारांची तपासणीही हवी. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती डॉ. कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणली, आणि त्यातला एक धडा या पुस्तकाच्या मधल्या प्रकरणांत सतत वापरला आहे. 'मला हे जमायलाच हवं, नाहीतर मी कुचकामी' या वाक्यातला 'च' शोधून काढायचा. 'जमलं तर बरं होईल' इथवर आलो की छातीवरचं ओझं निम्मं होतं. निवांत वेळी, वहीपेन घेऊन ही तपासणी करावी. वादळाच्या क्षणी ती जमत नाही, तेव्हा हाताशी वाक्यच असतं. तपासणी आणि जप यांत एक निवडा असं जे म्हणतात त्यांच्याशी मी सहमत नाही. विलिंग्डनच्या वर्गात तर्क शिकवणाऱ्या आणि घरी बसून नाम घेणाऱ्या प्राध्यापकाने ती निवड केली नव्हती.

पुस्तकाची रचना याच क्रमाने आहे. आधी तुमचा जुना जप ओळखायचा आहे, त्याचे नेमके शब्द कागदावर उतरवायचे आहेत. हे काम वाटतं तितकं सोपं नाही, कारण ते वाक्य इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते वाक्य आहे हेच ध्यानात येत नाही. मग ते कुणाच्या आवाजात ऐकू येतं हे शोधायचं आहे. त्यानंतर तपासणी, आणि मग नवं वाक्य. शेवटची काही पानं मुद्दाम कोरी सोडली आहेत. तिथे पेन्सिलने लिहा. पहिलं लिहिलेलं वाक्य बहुधा टिकत नाही, लांब असतं किंवा दुसऱ्या कुणाचं असतं. ते खोडा आणि पुन्हा लिहा. मोठ्याने म्हणून बघा, जिन्यावर चढताना म्हणून बघा, भांडी घासताना म्हणून बघा. जीभ अडखळली तर तो शब्द बदला. आणि लिहून झाल्यावर ते पान कुणाला दाखवायलाच हवं असं नाही.

माधवनगर, ता. मिरज, जि. सांगली